बी खुलैताची झोपाळू पेटी

आमच्या गल्लीत दोन गाढवं समोरासमोर आली की एकाला मागं सरावं लागतं, आणि मागं सरणं गाढवाच्या स्वभावात नाही. माणसांच्याही नाही. म्हणून आमच्याकडे भांडणं भरपूर. पाण्यावरून, सावलीवरून, कुणाच्या भिंतीतून कुणाचा पिलावाचा वास आला यावरूनसुद्धा. पण गेल्या चाळीस वर्षांत सोन्यावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही, कारण लामू बेटाच्या या बाजूच्या सगळ्या बायकांचं सोनं एकाच घरात असतं, बी खुलैताच्या.

बी म्हणजे बाईसाहेब. ही मात्र बाईसाहेब वगैरे काही नव्हे हं. बाप होड्यांच्या फळ्यांमधल्या फटींत तेलात बुडवलेला कापूस ठोकून भरायचा, आणि त्याचा हातोडा घराण्यात उतरला तो हिच्या जिभेत. नवरा गलबतावर होता. वर्षातून एकदा यायचा, येताना एक गालिचा आणि एक भांडण घेऊन यायचा, आणि दोन्ही अंथरून पुढच्या वाऱ्याबरोबर निघून जायचा. मूलबाळ नाही. चार पावलं टाकली की कंबर धरून उभी राहील, पण कुणाच्या लग्नात कोण काय नेसलं होतं ते तिला विचारा, तीस वर्षांमागचंही काठापदरासकट सांगेल.

हे सोनं सांभाळण्याचं काम तिच्याकडे आलं ते असं. शेजारीण हजला निघाली, तेव्हा कानातल्या सोन्याच्या चकत्या हिच्याकडे ठेवून गेली. ती जी गेली ती तिकडे आजारी पडली आणि अकरा महिन्यांनी परतली. तेवढे अकरा महिने बी खुलैताने घराचा उंबरा म्हणून ओलांडला नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला तेवढी गेली, आणि जेवणाच्या मधूनच तीनदा उठून घरी येऊन बघून गेली. बहीण तिच्याशी दोन वर्षं बोलली नाही. पण गल्लीला कळलं, की ठेव ठेवायची तर इथंच. बँकेत कागद लागतात, सही लागते, आणि बँकेतला माणूस नवऱ्याचा दोस्त निघण्याची भीती वेगळीच.

तेव्हा तिच्याकडे पितळी फुल्यांची जुनी लाकडी पेटी होती. तिला तीन कुलपं. एक किल्ली अंबाड्यात, एक तांदळाच्या रांजणाखाली, आणि तिसरी कुठं ते बीला दर वेळी नव्याने आठवावं लागायचं. एका लग्नात ती तिसरी किल्ली पिलावात निघाली. नवरदेवाच्या मामाला लागली ती. मामांचा दात गेला. बीने आधी किल्ली पुसून कमरेला खोचली आणि मगच मामांची चौकशी केली. सोनं काढायचं म्हटलं की अर्धा दिवस जायचा, पण गेलं काही नाही. गुंजभरही नाही.

मागल्या वर्षी पलीकडच्या गल्लीत चोरांनी अशीच एक पेटी फोडली. बातमी मोंबासाला पोचली. तिथं बीचा भाचा अथमान राहतो. हा पोरगा तिजोऱ्या विकतो. म्हणजे लोकांच्या धास्तीवर त्याचं बरं चाललंय. आठवड्याभरात तो विजेवर चालणारी पोलादी तिजोरी होडीत घालून घेऊन आला. धक्क्यावर ती गाढवाच्या पाठीवर चढवली, तसं गाढव खाली बसलं. दुसरं आणलं. त्याने नुसतं तिजोरीकडे बघितलं आणि आपण होऊनच बसलं. शेवटी चार माणसांनी काठ्यांवर टांगून आणली, आणि मेहनताना म्हणून बीकडे असा काही हलवा हाणला, की अथमान म्हणाला, "आत्या, पेटीपेक्षा ही पोचवणावळ महाग पडली."

आता ही पेटी म्हणजे खरोखर सोय होती, नाही म्हणायचं नाही. चार आकडे दाबले की टीं करून हिरवा दिवा लागायचा आणि दार आपोआप सुटायचं. चुकले तर लाल दिवा. तीनदा चुकले तर असं किंचाळायची की मशिदीतली कबुतरं उडायची. शिवाय तिला घड्याळ होतं. अथमानने समजावलं, "आत्या, ही रात्री झोपते. एकदा झोपली की बरोबर आकडे दाबले तरी उठायची नाही. चोराने तुझ्या गळ्याला सुरा लावला तरी तू म्हणू शकतेस, बाबा, माझ्याही हातात काही नाही. चोरांना हे माहीत असतं, म्हणून ते येतच नाहीत. आणि वीज गेली, बिघाड झाला, तर ही लोखंडी किल्ली. हिने केव्हाही उघडते. नीट सुरक्षित जागी ठेव."

बी म्हणाली, "सुरक्षित जागा मला नको शिकवूस. तुझी लंगोटी मी वाळत घालायचे."

अथमान संध्याकाळच्या होडीने गेला. बी पेटीचं दार उघडं ठेवून तिच्यासमोर बसली. आमच्या मंडळी, म्हणजे माझी बायको, तिथंच होत्या, म्हणून मला सगळं माहीत. दाराच्या पोटात घड्याळ होतं आणि त्यावर सतरा वाजले होते.

"सतरा?" बी म्हणाली. "सतरा कधी वाजतात गं?"

आता हे परक्याला सांगायला हवं. आमच्याकडे दिवस उजाडला की मोजायला लागायचं. सूर्य वर येऊन एक तास झाला की एक, तीन तास झाले की तीन. सूर्य बुडाला की पुन्हा पहिल्यापासून. दिवसाचे बारा, रात्रीचे बारा, दोघांना सारखी वाटणी. सरकारी घड्याळ सहा तास पुढं असतं. मोबाईलवर नऊ दिसले की आम्ही तीन म्हणतो आणि कामाला लागतो, डोळ्याला सवयच झालेली असते. पण बी खुलैताच्या घरात मोबाईल असायचा तो फक्त बोलायला.

"पोराने घाईत चुकीचं लावलंय," बी म्हणाली. "अकरा वाजलेत. दिवेलागणीला तासभर आहे, एवढं मला दिसतं की." आणि अथमानने दाबलेली दोन बटणं तिने बघून ठेवली होती, ती दाबून दाबून घड्याळ अकरावर आणलं. मग गल्लीतल्या सगळ्यांच्या पुरचुंड्या आत रचल्या, दार लावलं आणि कुणीतरी जहाजाचं सुकाणू हातात दिल्यासारखी ताठ बसली.

पुढचे पंधरा दिवस विचारू नका. दुपारनंतरचा नमाज झाला की बायका पेटी बघायला यायच्या. बी पदराखाली हात घालून आकडे दाबायची. टीं! हिरवा दिवा. बायका "वा, वा" म्हणायच्या. पदर घट्ट धरलेला असायचा, पण बीला एक खोड आहे, बोट चाललं की तोंड चालतं. चार, एक, नऊ, सात, असं पुटपुटतच दाबायची. आठवड्याभरात ते आकडे आमच्या गाढवांनाही पाठ झाले असतील.

आणि मग म्वानाहवाच्या मुलीचं, अम्रियाचं लग्न आलं. म्वानाहवा आमच्या समोरच राहते. मुलगा पाते बेटावरचा. निकाह होऊन गेला होता. आता नवरीला सोन्याने मढवून मंचावर बसवायचं आणि मुलाकडच्या बायकांनी येऊन बघायचं, एवढं राहिलं होतं. बघायचं म्हणजे काय, मोजायचं. एरवी हे उन्हं कलल्यावर होतं. पण पात्याच्या वाटेवर खाडीची एक चिंचोळी पट्टी आहे. भरतीला तिथं पाणी असतं, ओहोटीला चिखल आणि खेकडे. त्या दिवशी भरती होती सहाला, भर दुपारी. पाहुण्या सकाळी चारला येणार आणि सातच्या आत होडीत बसणार. नाही बसल्या तर पुढची भरती मध्यरात्री, आणि काळोखात त्या पट्टीतून होडी न्यायला कुणाला वेड लागलेलं नाही. म्हणून नवरीला नटवायचं ठरलं तीनला.

तीन वाजता बीने पदराखाली हात घातला. चार, एक, नऊ, सात. लाल दिवा.

पुन्हा. लाल दिवा.

"बी, सात नीट दाबलं नाहीत," मागून एकजण म्हणाली.

"नऊच्या आधी एक आहे, एक," दुसरी म्हणाली.

बी वळली. "तुम्हाला गं कुणी सांगितलं?"

सगळ्यांना एकदमच छताकडे बघावंसं वाटलं.

पेटी चालू तर होती. घड्याळाच्या आकड्यांची खिडकी बाहेरूनही दिसायची. त्यात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आमच्या मशिदीच्या घड्याळातही तीन दहाच. म्हणजे बिघाड नाही. तरी दार गप्प. एकीने थोपटलं. एकीने आयत म्हटली. सोनाराची बायको म्हणाली, लाटण्याने मारून बघा. आणि तेवढ्यात म्वानाहवा, जिने मुलीच्या अंगावर घालायचं सगळं त्या पेटीत ठेवलं होतं, अगदी हळू आवाजात म्हणाली, "बी... आत आहे ना सगळं?"

आमच्या मंडळी सांगतात, खोलीतला वारा पडला. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नव्हता. बीने मोबाईल उचलला आणि बाहेर आली, कारण आमच्या गल्लीत रेंज मिळते ती फक्त दारासमोरच्या दगडी बाकावर. त्या बाकावर मी आणि आणखी दोघे कॉफी पीत बसलो होतो. आम्ही उठू लागलो तर म्हणाली, "बसा. सगळ्यांना कळणारच आहे, मग तुम्ही काय पाप केलंय."

अथमानचा आवाज आम्हाला सगळा ऐकू येत होता.

"आत्या, खिडकीत किती वाजलेत?"

"तीन. साडेतीन व्हायला आलेत."

"आणि खरे किती वाजलेत?"

"अरे तीनच! घड्याळ बरोबर आहे, दारच बिघडलंय."

"आत्या, मी तर सरकारी वेळ लावून दिली होती."

"तू सतरा लावले होतेस. मी दुरुस्त केलं."

मग तो हळूच म्हणाला, "आत्या, तुझ्या पेटीच्या मते अजून पहाट व्हायची आहे. तीन म्हणजे तिच्या हिशेबी काळोख. खिडकीत आठ दिसले की ती उठते, त्याआधी नाही."

"आठ? म्हणजे दुपारचे आठ! अरे पाहुण्या सातला जाणार!"

"मी तरी काय करू? चोरांसाठी तसंच केलंय ना."

"मी चोर आहे का रे?"

"तिला कसं कळणार, आत्या? ती झोपलीय." मग त्याला एकदम आठवलं. "अगं, लोखंडी किल्ली आहे की! तिने केव्हाही उघडते. ठेवलीस ना सुरक्षित जागी?"

बीने कंबर धरली.

"आत्या? कुठं ठेवलीस?"

"सर्वांत सुरक्षित जागी," बी म्हणाली. "पेटीत."

खरं सांगतो, मी कॉफीच्या पेल्यात तोंड घातलं. शेजारचा कोंबो खोकल्याचं निमित्त करून कोपऱ्यावर गेला. पण बीचा चेहरा बघितला आणि माझं हसू विरलं. तिला पाहुण्यांची भीती नव्हती. तो प्रश्न आता आतल्या प्रत्येकीच्या मनात असणार, हे तिला ठाऊक होतं. चाळीस वर्षांचा विश्वास एकेक वर्ष करून रचलेला, आणि तो असा एका सकाळी, एका घड्याळापायी ढासळत होता.

चार वाजता पाहुण्या आल्या. तीस बायका, पुढे मुलाची आत्या बी रिधाई. हिची कीर्ती पात्याहून लामूपर्यंत पाण्यावरून येते. एका सुनेला ती म्हणाली होती, तुझ्या हातचा भात इतका मऊ आहे की दात पडेपर्यंत थांबले असते तर बरं झालं असतं. म्वानाहवा घाबरली. म्हणाली, नवरीला ताप आलाय म्हणून सांगू, फुलं घालून लांबूनच दाखवू.

बी खुलैता म्हणाली, "खोटं एकदा सांगितलं की मग सोनं निघालं तरी कुणी खरं मानत नाही." आणि कंबर धरून तीस बायकांसमोर जाऊन उभी राहिली.

"ऐका गं बायांनो. नवरीचं सोनं माझ्या पेटीत आहे. पेटी आठला उठेल. घड्याळ मी हलवलं, चूक माझी. किल्ली आत ठेवली, तीही चूक माझीच. तुम्हाला सातला जायचंय. जायचं तर जा, मी वाईट मानणार नाही. पण पेटी उघडेन तेव्हा सगळ्यांसमोर उघडेन, त्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही."

सगळ्या बी रिधाईकडे बघू लागल्या. तिने बी खुलैताला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "किल्ली आत ठेवलीस?"

"हो."

"पेटीच्या आत?"

"हो म्हटलं ना."

"आणि वर कुलूप लावलंस?"

"रिधाई, बस कर."

"बस करू?" बी रिधाई म्हणाली, आणि तिथंच चटईवर फतकल मारून बसली. "अगं मला सत्तर वर्षं झाली, पण निजलेली तिजोरी मी बघितली नाही. ही उठलेली बघितल्याशिवाय मी हलते होय! पात्याला जाऊन सांगू काय? उठायच्या आधीच आम्ही निघालो म्हणून?"

झालं. ती बसली म्हणजे सगळ्या बसल्या. पेटीभोवती बायकांचं रिंगण पडलं. कुणी तिला अंगाई उलटी म्हणून दाखवली, ऊठ गं बाळे, ऊठ गं. कुणी म्हणाली, हळू बोला, दचकून उठली तर दिवसभर रडेल. बी रिधाई दर अर्ध्या तासाने विचारायची, "खुलैता, तुझी लेक रात्री जागते का गं? दिवसा इतकी का झोपते?" बी खुलैता सांबुसे तळत होती, तिला उत्तर द्यायला वेळ नव्हता, पण दोनदा तिने झारा उगारल्याचं आमच्या मंडळींनी पाहिलं.

पावणेसातला धक्क्यावरून होडीवाला ओरडत आला. "चला चला! पाणी उतरायला लागलं!"

वरच्या खिडकीतून बी रिधाईचं डोकं बाहेर आलं. "उतरू दे. उद्या चढेल."

"आणि मी काय करू?"

"तूही बस! त्या बाकावर म्हातारे बसलेत, त्यांच्यात शोभशील."

तो बिचारा आमच्यात येऊन बसला. आम्ही त्याला कॉफी दिली आणि हलवा दिला. सातनंतर धक्क्याकडचं पाणी खरंच मागं सरलं, होड्या कलंडल्या, आणि आता काही झालं तरी तीस पाहुण्या उद्यापर्यंत इथंच, हे गल्लीला कळलं. माझ्या घरात सहाजणी निजणार होत्या. मला कोंबोच्या गच्चीवर जावं लागलं, आणि कोंबो असा घोरतो की गाढवं उत्तर देतात, पण ते जाऊ दे.

आठला पाच कमी असताना आत एकदम सामसूम झाली. आम्ही बाहेरही गप्प. बी खुलैताने पदर बाजूला केला. आता लपवण्यात काय राहिलं होतं? खिडकीत आठ दिसले. तिने बोट पुढं केलं, तर सगळ्या बायकांनी एका सुरात म्हटलं, "चार! एक! नऊ! सात!" पाहुण्यांनीसुद्धा.

टीं.

त्यानंतर जो कल्लोळ उठला तो ऐकून होडीवाल्याच्या हातातला हलवा पडला.

बी खुलैता मात्र बाजूला झाली नाही. तिने आधी म्वानाहवाला पुढं बोलावलं. मग एकेक पुरचुंडी काढून चटईवर मांडू लागली. आजवर या गाठी जवळून कुणी बघितल्या नव्हत्या. तिला लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक गाठीला काहीतरी खूण बांधलेली: कुणाला लवंग, कुणाला शिंपला, कुणाला निळं बटण. शिंपिणीला सुईचं तुटकं नेढं. आमच्या मंडळींच्या गाठीला बडीशेपेचा दाणा होता. का, ते मी विचारलं नाही, कारण उत्तर मला आवडलं नसतं. म्वानाहवाची गाठ वेलदोड्याची. तिने ती सोडली. कानातल्या चकत्या, गळसरी, दोन जड कडी, सगळं जिथल्या तिथं. म्वानाहवा रडायला लागली आणि बीच्या हाताला डोकं लावलं. बी म्हणाली, "आता रडून काजळ घालवू नकोस. मुलीला नटव. साडेआठ व्हायला आलेत."

अम्रिया नऊ वाजता मंचावर बसली, आणि कुणी मोजलं नाही. मोजायला कुणाला शुद्ध होती? सगळ्यांचं बोलणं पेटीवरच चाललं होतं.

गल्लीतल्या बायकांच्या पुरचुंड्या चटईवर पडून होत्या. बी उभी राहून बघत होती. आमच्या मंडळींना कळलं की ती वाट बघतेय, कोण आपली उचलून घरी नेतं त्याची. शिंपिणीने स्वतःची उचलली. हातात तोलली. आणि पेटीत परत ठेवली, मागच्या कोपऱ्यात, नीट. मग दुसरीने. मग आमच्या मंडळींनी.

सगळ्या आत गेल्यावर बी रिधाईने गळ्यातली साखळी काढली. बोटाएवढी जाड, आजीपासून आलेली. "ही पण ठेव."

"तुझ्या पात्याला पेट्या नाहीत?"

"आहेत की. पण त्या मालकिणीला उघडता येतात. जिथून तुलाच काढता येत नाही, तिथून चोर काय काढणार?"

खोलीत हशा पिकला. बी खुलैता हसली नाही. साखळी रुमालात बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक वाळकी लाल मिरची होती. सगळ्यांच्या देखत ती गाठीला बांधली.

बी रिधाईने मिरचीकडे बघितलं, मग बीकडे.

"निदान ताजी तरी घ्यायची होतीस गं," ती म्हणाली.